युनिकॉर्न नुसतंच ‘बूऽऽ’ करतं आणि पडदा कोरा: दर पावसाळ्यात परतणारा हा दोष कुठे असतो

युनिकॉर्न म्हणजे ऐंशीच्या दशकात आपल्या शाळांत आलेला संगणक. त्याच्या या दोषाचं लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हाच प्रकार आहे का ते कळेल. मागचं बटण दाबलं की खालच्या पट्टीतला ‘बूऽऽ’ असा आवाज सुरू होतो आणि थांबतच नाही. पडदा कोरा, नाहीतर त्यावर नुसत्या पट्ट्या. ब्रेकची कळ दाबून काही होत नाही. झाकण उघडायचं, आयसी, म्हणजे बोर्डावरच्या चिपा, अंगठ्याने जरा दाबायचे, एखादा काढून परत बसवायचा, की ‘बू-बीप’ होऊन यंत्र मुकाट सुरू होतं. महिना-दीड महिना सुरळीत चालतं. मग एखाद्या दमट सकाळी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे तीन पावसाळे चाललं. रत्नागिरीजवळ घर, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या. पहिल्या वर्षी मी प्रोसेसर बदलला, यंत्र सुरू झालं. दुसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिमचा रॉम, म्हणजे कायमच्या स्मृतीचा आयसी, बदलला, सुरू झालं. तिसऱ्या वर्षी रॅमचे, म्हणजे चालू कामाच्या स्मृतीचे, दोन आयसी, तेव्हाही सुरू झालं. प्रत्येक वेळी वाटलं की सापडला दोष. शेवटी काढून ठेवलेले ते सगळे ‘खराब’ आयसी पुण्यातल्या एका मित्राच्या यंत्रात लावून पाहिले, तर एकूण एक चांगले निघाले. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. दोष आयसीत कधी नव्हताच, आणि तो ज्या जागी होता तिथे मी एकदाही मीटर लावला नव्हता.

यंत्र ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी बीबीसी मायक्रो तयार केला, तो डिसेंबर १९८१ मध्ये आला. वर्गात पोरांनी कसाही हाताळावा अशा बेताने बांधलेला: जाड कवच, दणकट कीबोर्ड, मागे आणि खाली जोडण्यांची रांग. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला तेव्हा हेच यंत्र निवडलं गेलं. एकॉर्नकडून आलेल्या सुट्या भागांच्या संचांतून सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याची इथे जुळणी केली आणि नाव दिलं एससीएल युनिकॉर्न. होप कॉम्प्युटर्सनेही याच धर्तीवर ‘डॉल्फिन’ काढला होता. त्याच्या फंक्शनच्या कळा निळ्या, हीच त्याची पटकन पटणारी ओळख. पुढे शाळांत पीसी आले, युनिकॉर्न कपाटांवर चढले आणि तिथून बहुतेक भंगारात गेले. आज एखादा हाती लागला तर तो जपायलाच हवा. मी पहिला प्रोग्रॅम अशाच एका यंत्रावर लिहिला, एका कीबोर्डभोवती आम्ही पाच मुलं, आणि सर मागून म्हणायचे, “अरे, तिलाही एक ओळ टाइप करू दे.” त्यामुळे हे यंत्र बंद पडलेलं मला बघवत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने कामाची गोष्ट एवढीच की आतला बोर्ड बीबीसी मायक्रो मॉडेल बीचाच आहे. त्या यंत्राचे सर्किटचे नकाशे आणि आयसींचे क्रमांक युनिकॉर्नला जसेच्या तसे लागू पडतात. क्रमांक बोर्डावरच छापलेले आहेत.

आवाज काय सांगतो

हा ‘बूऽऽ’ बिघाडाचा भोंगा नाही. वीज आली की आवाजाचा आयसी, एसएन ७६४८९, कोणी काही सांगण्याआधीच आपला आपण एक सूर धरतो. प्रोसेसर जागा झाला की अगदी सुरुवातीच्या कामांत तो सूर बंद करतो आणि नंतर आखूड ‘बीप’ देतो. निरोगी यंत्राचं ‘बू-बीप’ हे असं होतं. सूर थांबला नाही याचा अर्थ प्रोसेसर आपल्या पहिल्याच कामापर्यंत पोचलेला नाही.

का पोचला नाही? पुरेसा व्होल्टेज नाही, किंवा रिसेट दाबून धरल्यासारखा आहे, किंवा क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारा सिग्नल, मिळत नाही, किंवा रॉम-रॅम वाचता येत नाही. आपण सगळे शेवटच्या कारणावर उडी मारतो, कारण रॉम आणि रॅम काढून बदलायला सोपे. मीही तेच केलं. तपास मात्र याच क्रमाने करायचा.

‘बीप’ होऊन पुढे काही चुकत असेल तर तो निराळा दोष आहे, त्यासाठी हे सगळं करू नका. ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ दिसून खाली ‘लँग्वेज?’ आलं तर बेसिकचा रॉम, म्हणजे आयसी ५२, नीट बसलेला नाही. ३२के ऐवजी १६के आलं तर अर्ध्या रॅमकडे बघा. अक्षरं विचित्र येत असतील तर पडद्यावर नीट दिसलं नाही तरी मोड ४ (पडद्याची दुसरी मांडणी) टाइप करून रिटर्न दाबा. आता अक्षरं स्वच्छ आली तर यंत्र ठीक आहे, फक्त मोड ७ ची अक्षरं काढणारा टेलिटेक्स्टचा एसएए ५०५०, आयसी ५, किंवा त्याचं सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ती खोबण, तपासा.

आधी सप्लाय

बरेच दिवस पडून असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. आपल्याकडचे वायरमन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या, त्यात शंभर वॉटचा साधा, तारेचा (फिलामेंटचा) बल्ब, आणि त्यातून पहिल्यांदा वीज द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

सप्लायच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या, डब्यात मेन्सच्या दोन तारांमध्ये लावलेले एक्स२ वर्गाचे दोन कंडेन्सर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. त्या काळी हे धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे, पारदर्शक पिवळसर आवरणातले असत. चाळीस वर्षांत त्या आवरणाला केसाएवढ्या चिरा जातात, कागद हवेतलं पाणी पितो आणि एक दिवस खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. धूर झाल्यावरही यंत्र कधी कधी चालतच राहतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तसं करू नका. चिरा दिसोत न दिसोत, दोन्ही काढून त्याच किमतीचे नवे पॉलिप्रॉपिलीनचे, एक्स२ असं छापलेले, २७५ व्होल्ट एसीचे लावा. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ते किरकोळीत मिळतात. एक्स२ नसलेला साधा कंडेन्सर तिथे कधीही चालणार नाही. त्याच डब्यात २२० मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक असतो, उघडलाच आहे तर तोही बदलून टाका. मात्र प्रत्येक भागाची किंमत जुन्यावर वाचूनच नवा आणा.

हा डबा उघडताना प्लग काढून थोडा वेळ थांबा, मोठा कंडेन्सर रिकामा झाला आहे हे मीटरने पाहा, आणि मेन्सच्या कामाची सवय नसेल तर ज्याला आहे अशा माणसाला बोलवा. यात संकोच नको.

आता मोजमाप, आणि ते सप्लाय बोर्डाला जोडलेला असतानाच. रिकाम्या सप्लायचं रीडिंग फसवं असतं. सप्लायकडून बोर्डाला सात तारा येतात: तीन लाल, पाच व्होल्टच्या, तीन काळ्या, शून्याच्या, आणि एक जांभळी, उणे पाच व्होल्टची. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जांभळी तार चुकून लालच्या जागी बसली तर बोर्डाचं नुकसान होईल.

लोक मीटर लावतात तो सप्लायच्या टोकाशी. तिथे पाच व्होल्ट दिसले की समाधान होतं. माझ्याकडेही तिथे ४.९८ दिसत होते. मग मीटरची टोकं थेट प्रोसेसरच्या पायांवर ठेवली, काळं पिन १ वर, लाल पिन ८ वर, आणि आकडा आला ४.६१. या जातीच्या आयसींना ४.७५ च्या खाली भरवसा नाही. मधले ०.३७ व्होल्ट कुठे गेले? बोर्डावरच्या चपट्या टोकांवर तारा नुसत्या सरकवून बसवलेल्या असतात. एक लाल तार उपसली तर आतली पितळी पकड काळवंडलेली, हिरवट, आणि इतकी सैल की बोटाने ओढताच हातात आली. सातही पकडी बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, पक्कडीने हलकेच आवळल्या, बोर्डावरची टोकंही घासली. त्याच पायांवर पुन्हा मोजलं: ४.९३.

यंत्र सुरू झालं. आणि इथेच मी पुन्हा फसलो असतो, कारण हे अर्धंच काम होतं. अकरा दिवसांनी ‘बूऽऽ’ परत आला, व्होल्टेज मात्र ४.९३ वर कायम.

रिसेट

यावर फार वेळ घालवायचा नाही. प्रोसेसरच्या ४० क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे रिसेटच्या पायावर, चार-साडेचार व्होल्टच्या आसपास असले पाहिजेत. खाली शून्याशी चिकटून असेल तर आधी कीबोर्डची चपटी केबल सोडवून बघा. ब्रेकची कळ आत अडकली असेल तर रिसेट धरून ठेवला जातो आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं. माझ्या ओळखीच्या एका यंत्रात त्या कळेखाली कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. केबल काढूनही पिन ४० खालीच राहिला तर रिसेट देणारा ५५५ टायमर आणि त्याच्या भोवतीचे भाग तपासा.

क्लॉक, आणि खरा अपराधी

या दोषाचं मर्म इथे आहे, म्हणून सावकाश सांगतो.

बोर्डावर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. तिथून प्रोसेसरला लागणारा २ मेगाहर्ट्झ सरळ मिळत असेल असं वाटतं. तसं नाही. तो सिग्नल आधी आयसी ६ मध्ये जातो, म्हणजे व्हिडिओ यूएलएमध्ये. पडद्यावरचे रंग आणि ठिपके काढणारा हा आयसी १६ चे ८, ४, २ आणि १ असे भाग पाडतो आणि त्यातून सगळ्या यंत्राची नाडी चालते. चित्र काढणाऱ्या आयसीच्या २८ पायांपैकी नेमक्या एखाद्या पायाचा संपर्क सुटला की प्रोसेसरच थांबतो. नुसतं चित्र बिघडत नाही, यंत्रच मुकं होतं, आणि म्हणून कोणी या आयसीवर संशय घेत नाही.

आता हाच आयसी बोर्डावरच्या सर्वांत तापणाऱ्यांपैकी आहे. जुन्या घडणीच्या आयसीवर त्यासाठी धातूची हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा तुकडा, चिकटवलेली असते. नंतरच्या घडणीचा थंड राहतो, त्याला ती लागत नाही. तासभर चालवलं की खूप तापतो, बंद केलं की थंड होतो. दर वेळी पाय किंचित लांबतात, किंचित आखडतात, आणि आयसी सॉकेटमधून केसाकेसाने वर सरकतो. सॉकेट त्या काळचं साधं, प्रत्येक पायाला पातळ पत्र्याच्या पातीची पकड. चाळीस वर्षांनी त्या पातीत ताण उरत नाही. वर कोकणातली दमट हवा, पायांवर करडा थर. उष्णता, ढिलाई आणि ओल या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी जमतात.

आता माझ्या तीन वर्षांच्या ‘यशस्वी’ दुरुस्त्या काय होत्या ते कळलं. प्रोसेसर काढायला कीबोर्ड उचलावा लागतो, बोर्ड जरा वाकतो, सगळे आयसी हलतात. आणि झाकण लावण्याआधी सगळे आयसी एकदा दाबायची माझी सवय. दर वेळी आयसी ६ चे पाय त्या पात्यांवर घासले जात, करडा थर खरवडला जाई, महिनाभराची सोय होई. श्रेय मात्र नव्या प्रोसेसरला.

खात्री अशी करा. लॉजिक प्रोब (सिग्नल येतो का ते दिव्याने दाखवणारं साधन) असेल तर प्रोसेसरच्या पिन ३७ वर ठेवा. पल्सचा दिवा लुकलुकला पाहिजे. तो स्थिर असेल तर क्लॉक येत नाही. प्रोब नसेल तरी चालेल. ‘बूऽऽ’ चालू असताना पेन्सिलीच्या मागच्या रबराने आयसी ६ एका टोकाला घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने ब्रेक दाबा. ब्रेक दाबायला विसरू नका, कारण मध्येच क्लॉक आला तरी भांबावलेला प्रोसेसर आपणहून सावरत नाही. नाही सुरू झालं तर दुसरं टोक दाबून पुन्हा ब्रेक. माझ्याकडे आयसीवरच्या खाचेच्या विरुद्ध टोकाला दाबताच सूर तुटला, ‘बीप’ आला आणि पडद्यावर ‘बेसिक’ उमटलं. रबर उचललं, पडदा गोठला. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोष माझ्या हाताखाली होता.

सॉकेट बदलणं

नुसतं साफ करून भागत नाही, तेही मी केलं आहे. आयसीचे पाय स्वच्छ झाले तरी पातीचा गेलेला ताण परत येत नाही. तेलकट स्प्रे तर मुळीच मारू नका. आठ दिवस छान वाटतं, मग त्याच्यावर धूळ बसून चिखल होतो.

सॉकेट बदलायचं ते गोल, कातीव पिनांचं घ्या, २८ पिनी, रुंद मापाचं. झाकणाचे ‘फिक्स’ असं लिहिलेले चार स्क्रू काढा, कीबोर्ड सोडवा, बोर्ड पूर्ण बाहेर घ्या. आयसी उचलताना दोन्ही टोकांना आळीपाळीने पातळ पट्टी सरकवत वर घ्या. एका बाजूने उचकटलात तर पाय वाकतील, आणि हा यूएलए बाजारात नवा मिळत नाही. काढल्यावर तो काळ्या फोममध्ये टोचून ठेवा.

जुनं सॉकेट अखंड काढायचा हट्ट धरू नका. कटरने त्याचं प्लॅस्टिक तुकड्या-तुकड्याने कापून टाका, म्हणजे २८ पिना सुट्या उभ्या राहतात. मग एकेक पिन चिमट्यात धरून खालून सोल्डरिंग आयर्न लावा आणि सोल्डर वितळल्यावर ती आपोआप येऊ द्या. ओढायची नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक आहेत आणि छिद्राच्या आत तांब्याची नळी आहे. ती पिनेबरोबर बाहेर आली तर नव्या सॉकेटला वरच्या बाजूचा संपर्कच राहणार नाही. सोल्डर निघत नसेल तर आधी थोडं नवं सोल्डर घालून मग पंपाने ओढा. शून्य व्होल्टच्या पिनेला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण तिथला तांब्याचा पट्टा उष्णता पितो. माझं सगळं काम दोन संध्याकाळी चाललं.

नवं सॉकेट लावल्यावर मल्टिमीटरच्या बझरने प्रत्येक पिन शेजारच्या पिनेशी जुळली नाही ना ते तपासा. यूएलएचे पाय आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि खोडरबराने चकचकीत होईपर्यंत पुसा. हीट सिंक सुटली असेल तर उष्णतावाहक चिकटपट्टीने परत लावा. बसवताना खाच बोर्डावरच्या खुणेशी जुळवा, आणि ती दोनदा बघा.

त्याच बैठकीत प्रोसेसर, आयसी ५१ आणि ५२ हे रॉम, आणि आयसी ३, म्हणजे कीबोर्ड आणि आवाज सांभाळणारा ६५२२, एकेकदा काढून पाय पुसून परत बसवा. त्यांची सॉकेटं सहसा टिकलेली असतात. जादा रॉम लावलेले असतील तर ते काढून ठेवा आणि यंत्र आठवडाभर नीट चाललं की एकेक परत लावा.

बरं झालं हे कसं ओळखायचं

सुरू झालं म्हणजे बरं झालं, हा हिशोब इथे चालत नाही. ते तर दर वेळीच सुरू होत होतं. मी एक लहानसा बेसिक प्रोग्रॅम ठेवला आहे, तो शून्य ते सात सगळे मोड पालटत पडदा भरतो आणि दर फेरीला मोड ७ मध्ये फेरीचा आकडा दाखवतो. हा चार तास चालवायचा, बंद करून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. तापणं आणि निवणं यातच हा दोष डोकं वर काढतो, त्यामुळे सलग रात्रभर चालवण्यापेक्षा अशा दहा फेऱ्या जास्त सांगून जातात. सुरुवात मुद्दाम पहाटेच्या ओलसर हवेत करा.

दहाही फेऱ्या पार पडल्या तर झाकण लावा. मध्येच ‘बूऽऽ’ आला तर लगेच पिन ३७ वर प्रोब ठेवा. पल्स असूनही प्रोसेसर अडला असेल तर आता रॉम, डेटा बसचा (प्रोसेसरची माहिती ने-आण करणाऱ्या वाटेचा) ७४एलएस२४५, म्हणजे आयसी १४, आणि रॅम यांच्याकडे वळायला हरकत नाही. रॅमचे १६ आयसी बोटाने चाचपून बघा. शेजाऱ्यांपेक्षा एखादा फारच तापला असेल तर तो पहिला संशयित.

पावसाळ्यात यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दव धरतं. सुती चादर टाकून, शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवून आठवड्यातून एकदा तासभर चालवा. एक बरं आहे, या मॉडेलमध्ये बॅटरीच नाही, त्यामुळे ती गळून बोर्ड खाण्याची भीती नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा आणि काय केलं ते तारखेसह लिहा, पुढच्या माणसाची तीन वर्षं वाचतील. माझ्या चिठ्ठीवर आहे: आयसी ६ सॉकेट बदललं, सात पकडी साफ केल्या, प्रोसेसरच्या पिन ८ वर ४.९३. त्यानंतर दोन पावसाळे गेले. परवा पुन्हा मोजलं, ४.९२ भरले.